एका वेळी दिसले तेवढेच

नियम सोपा आहे, तरी पचायला मला तीन हिवाळे लागले:
तासाभरात आले तितके सगळे नाही लिहायचे.
एकाच वेळी, एकाच नजरेत
मावले तेवढेच.
नाहीतर एकच भुकेला जीव
दहा खेपा घालतो, आणि कागदावर
दहा जण जेवून उठतात.

एकतीस वर्षं मी लाकूडगिरणीच्या खातेवह्या लिहिल्या.
दुबार नोंदीचा वास मला लांबून येतो.

जानेवारीचा शेवटचा शनिवार. कुह्मो. उणे चोवीस.
तळं दगड होऊन पडलेलं.
काचेवरच्या हिमाच्या नक्षीत
मी श्वासाने भोक पाडते, कॉफीच्या बशीएवढं,
आणि अंडी उकडायचं घड्याळ
साठावर पिळून ठेवते.

पिवळ्या पोटाचे तालितिआइनेन आधी येतात,
छातीवर काळी टाय, कामावर निघालेले कारकून.
एक बी उचलायची, फांदीवर न्यायची,
पायाखाली धरून फोडायची, पुन्हा रांगेत.
नऊ. नाही, अकरा.
चरबीच्या गोळ्याला उलटा लटकलेला एक सुतारपक्षी.
दोन मॅगपाय,
अंगणाची जप्ती करायला आल्यासारखे.

मग पुनातुल्क्कू.
यांना घाई नसते. लाल छातीचे, फुगून बसलेले,
सौनातून नुकतेच बाहेर आलेले म्हातारे.
दरवर्षी माझ्याकडे सहा असतात.
आज सहा, आणि सात, आणि
फांदी वाकली. तेरा.

पेन्सिल उचलली, आणि थांबले.

कुंपणापलीकडे वाल्फ्रीद केम्पाइनेन राहतो.
तोही मोजतो. त्याचेही सहा-सात असतात.
चौदा वर्षं मी त्याच्याशी बोललेले नाही:
त्याने हद्दीवरचं रोवनचं झाड तोडलं,
म्हणे पानं त्याच्या पन्हाळीत पडत.
त्या झाडाच्या फळांवर तिल्ही यायचे,
तुऱ्याचे, रेशमी, शंभर शंभर,
एका सकाळीत झाड ओरबाडून जायचे.
त्यांची ओळ मी अजून आखते.
शून्य लिहिते. ठळक लिहिते.

तेरा.
म्हणजे पलीकडे शून्य.
म्हणजे पलीकडचा डबा रिकामा.
म्हणजे (बेरीज मला येते)
परवापासून त्याच्या धुराड्यातून धूर नाही,
आणि तो दिसला नव्हता
हे आत्ता दिसतंय.

घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती.
बूट चढवले. बियांची बादली घेतली.
बादली कशाला, ते विचारू नका;
रिकाम्या हातांनी चौदा वर्षं ओलांडता येत नाहीत.

गुडघाभर बर्फ. तोडलेल्या झाडाचा बुंधा
पायाला लागला. तिथेच होता.

दार नुसतं लोटलेलं. आत विजेचा छोटा हीटर कण्हतोय,
तो बाकावर, दोन ब्लँकेटांत,
घोटा लाल कोबीएवढा.
लाकडं शेडमध्ये, शेड वीस पावलांवर,
आणि वीस पावलं त्याला जमत नव्हती.
खिडकीपर्यंत मात्र स्वतःला ओढत आणलेलं.
मांडीवर कागद. पट्टीने आखलेला.

"सगळे तुझ्याकडे गेले," तो म्हणाला.
चौदा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, तेही तक्रारीचं.
"तेरा," मी म्हणाले.
"बारा. इथून दिसतं मला.
एक तू दोनदा धरलास."

मी स्टोव्ह पेटवला. आरोग्यकेंद्राला फोन लावला.
मग बाहेर जाऊन त्याचा डबा भरला,
काठोकाठ, जरा सांडूनच.

मागे माझ्या स्वयंपाकघरात
घड्याळ वाजून गेलं असणार.
शेवटच्या वीस मिनिटांत
दोन्ही अंगणांत कोण आलं, किती आलं,
कुठल्याच कागदावर नाही.